मनातलं विचारा : ओसीडी म्हणजे नेमकं काय हो?

मागच्या अंकात काळजीच्या आजारांबद्दल लिहिताना ओसीडीवर (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी परत परत केलेल्या कृती यांचा आजार) जेमतेम दोन ओळी आल्या होत्या, आणि नंतर जी पत्रं नि मेल आले त्यातले बरेचसे त्या दोन ओळींवरच होते. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय. नावं काढलीत, काही गावं बदललीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत. वाचताना एक सारखं जाणवत होतं, की यातल्या कितीतरी जणांनी हे वर्षानुवर्षं कुणालाच सांगितलेलं नाही, घरातल्या माणसालासुद्धा नाही. लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून आभार.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना स्वच्छतेचं फार आहे. बाहेरून आलं की पर्स दारातच ठेवायची, पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, ओटा त्यांच्याच पद्धतीने पुसायचा. सोवळंही कडक पाळतात. नणंद म्हणते आईला ओसीडी आहे, आणि स्वतःबद्दलही म्हणते की मी बाई फार ओसीडी आहे, मला चादरीवर सुरकुती चालत नाही. हा खरंच आजार असतो का स्वभाव?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पत्रावरून कुणाला आजार आहे का नाही ते मी ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये, पण काय बघायचं ते सांगते. आधी बघा की त्रास कोणाला होतोय. सासूबाईंना हे सगळं योग्यच वाटत असेल, ओटा लख्ख झाला की त्यांना बरं वाटत असेल आणि वैताग फक्त तुम्हा दोघींना येत असेल, तर तो बहुतेक स्वभाव, फार तर जरा ताठर शिस्तीचा स्वभाव. ओसीडी झालेल्या माणसाला असं बरं वाटत नाही हो. त्याला बहुतेक वेळा स्वतःलाच कळत असतं की आपण करतोय ते अती होतंय, थांबावंसं वाटतं पण थांबता येत नाही, आणि वर त्याची लाज वाटते म्हणून तो लपवतो.

सोवळ्याचंच घ्या. नियम कितीही कडक असले तरी ते घरात सगळ्यांना ठाऊक असतात आणि त्यांना शेवट असतो, आंघोळ झाली, धूतवस्त्र नेसलं, पूजा झाली, संपलं. (मासिक पाळीच्या विटाळाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मी या सदरात स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ती रूढी आहे, आजार नाही, दोन्हीची गल्लत नको.) ओसीडीत हा शेवटच हरवतो. आंघोळ झाली पण तांब्या बादलीच्या बाहेरच्या बाजूला लागला का, मग परत पहिल्यापासून, मग अंगावरचं पाणी भिंतीवर उडून परत पायावर आलं का, मग परत, असं करत माणूस दीड-दोन तास बाथरूममध्ये असतो आणि बाहेर येतो तो दमून, कधीकधी रडत. भाविक माणसाला पूजेनंतर शांत वाटतं, या माणसाला पूजेचीच धास्ती बसते.

डॉक्टर लोक याचे दोन भाग बघतात. एक ऑब्सेशन, म्हणजे नको असताना मनात घुसणारा विचार, चित्र किंवा उर्मी, जी हाकलली तरी परत येते आणि जीव खालीवर करते. दुसरा कम्पल्शन, म्हणजे ती घालमेल थांबावी म्हणून केलेली कृती, धुणं, तपासणं, मोजणं, मांडणं, विचारणं, किंवा मनातल्या मनात काही म्हणणं. या सगळ्यात दिवसाचा तासभर किंवा जास्त जात असेल, किंवा त्यापायी नोकरी, अभ्यास, संसार अडत असेल तर त्याला आजार म्हणायचं. आपल्याकडे २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं त्यात मोठ्या माणसांमध्ये हे प्रमाण साधारण ०.८ टक्के आलं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण शंभर-सव्वाशे मोठ्या माणसांच्या सोसायटीत एक जण, असा हिशोब होतो.

नणंदेला माझा निरोप द्या, रागावून नाही, प्रेमाने, की चादर नीट लागते त्याला टापटीप म्हणावं. आपण नीटनेटकेपणाला ओसीडी म्हणत राहिलो की ज्याला खरंच आहे त्याचं बोलणं लोक हसण्यावारी नेतात आणि तो अजून गप्प बसतो.

प्रश्न : नवरा बँकेत आहे, हुशार, प्रेमळ. पण सकाळी घरातून निघायला त्यांना पाऊण तास लागतो. शेगडीची बटणं, सिलेंडरचा रेग्युलेटर, गॅलरीची कडी, मग कुलूप ओढून ओढून बघणं. मोबाइलवर फोटो काढून ठेवतात तरी लिफ्टमधून परत वर येतात. आता नवीन सुरू झालंय, बाइक खड्ड्यात आपटली की त्यांना वाटतं आपण कुणाला तरी उडवलं, मग मागे फिरून तो रस्ता बघून येतात, दुसऱ्या दिवशी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधतात. दिवसभर मला फोन, सगळं नीट आहे ना, मी बंद केलं होतं ना. मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं तर त्यांची अवस्था बघवत नाही. माझं चुकतंय का?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमचा त्यांच्यावर जीव आहे म्हणून तुम्ही हो म्हणता, तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पण त्या हो-चं पुढे काय होतं ते बघू, कारण मला या आजाराची खरी गोम तिथेच दिसते.

लोकांना वाटतं ओसीडी म्हणजे भीतीचा आजार किंवा घाणीचा आजार. मला तो शंकेचा आजार वाटतो. बटण बंद आहे हे तुमच्या नवऱ्याला दिसतंय, डोळे ठीक आहेत, बुद्धी ठीक आहे, पण आपल्याला बटण बंद दिसलं की आतून जो "हं, झालं" असा निर्वाळा मिळतो ना, तो त्यांना मिळत नाही. मग ते परत बघतात, घडीभर बरं वाटतं, आणि त्या घडीभराच्या बरं वाटण्यानेच मेंदू शिकतो की बघितलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी पण बघ. खाज येते म्हणून खाजवावं तसं आहे, खाजवताना सुख वाटतं आणि नंतर चट्टा मोठा झालेला असतो.

याच्यावर नेदरलँड्समध्ये २००३ साली एक प्रयोग झाला, आणि तो योगायोगाने शेगडीचाच आहे. ओसीडी अजिबात नसलेल्या कॉलेजच्या मुलांना कॉम्प्युटरवर एक गॅसची शेगडी दिली आणि ती पुन्हा पुन्हा पेटवून, बंद करून, तपासायला लावली. नंतर विचारलं की शेवटच्या वेळी कुठली बटणं तपासली होती. उत्तरं बरोबर आली, म्हणजे स्मरणशक्तीला काही झालं नव्हतं, पण ती आठवण पुसट झाली होती आणि स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास घसरला होता. धडधाकट मुलांचं हे झालं! म्हणजे शंका आहे म्हणून माणूस तपासतो हे खरं, पण तपासण्यामुळे शंका वाढते हेही तितकंच खरं. मोबाइलमधला फोटो म्हणूनच पुरत नाही, उद्या वाटेल हा कालचा तर नाही ना.

खड्ड्याचं जे लिहिलंय ते वाचून तुम्ही घाबरला असाल, पण ओसीडीत हे बऱ्यापैकी आढळतं. फक्त बाहेर त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण सांगणार काय, की मला वाटतं मी माणूस मारलाय? यामागे जबाबदारीची फार मोठी जाणीव असते, आपल्या हातून कुणाचं काही वाईट झालं तर ते आपल्याच माथी, ही धास्ती. ही माणसं बेफिकीर कधीच नसतात, उलट.

आता तुमच्या हो-बद्दल. तुमचं उत्तर हे त्यांच्यासाठी अजून एकदा तपासणंच आहे, फक्त तुमच्या तोंडून. घरचे लोक आजाराच्या नियमांत स्वतःला बसवत जातात, उत्तरं देतात, त्यांच्यासाठी कडी बघून येतात, बाहेर जाणं टाळतात, आणि हे जितकं जास्त तितका आजार घट्ट होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून उद्यापासून एकदम सगळं बंद करा असं नाही हं, ते क्रूर होईल आणि टिकणारही नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी, सकाळच्या गडबडीत नाही, दोघं बसा आणि मिळून ठरवा की फोनवर विचारलं तर मी उत्तर देणार नाही, एवढंच म्हणेन की तुमची घालमेल मला कळतेय, पण याचं उत्तर द्यायचं नाही असं आपण ठरवलंय. ते आधी रागावतील, चिडतील, एक-दोनदा तुम्हाला दुष्ट पण म्हणतील. तेवढी तयारी ठेवा. आणि त्यांची संमती नसेल तर हे तुम्ही एकटीने करू नका, आधी थेरपिस्टला गाठा.

जी थेरपी यावर सगळ्यात जास्त चालते तिला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, आपण ईआरपी म्हणू. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मेयर यांनी याची सुरुवात केली, त्याआधी ओसीडी म्हणजे न सुधारणारी केस असंच डॉक्टर धरून चालायचे. करतात काय, तर थेरपिस्ट आणि पेशंट मिळून भीतीची यादी करतात, खालपासून वरपर्यंत, आणि सोप्यापासून सुरुवात करतात. तुमच्या नवऱ्यांचं उदाहरण घेतलं तर गॅलरीची कडी एकदा लावायची, हात काढायचा आणि निघायचं, फोटो नाही, परत येणं नाही, फोन नाही. जीव धडधडेल, घाम येईल, आणि काहीही न करता थांबलं की ते हळूहळू ओसरतं. पण मला विचाराल तर त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस शिकतो की कडीचं शंभर टक्के नक्की नसतानाही ऑफिसला जाता येतं, डबा खाता येतो. आपण बाकीचे सगळे तसेच जगतो, आपल्याला फक्त ते जाणवत नाही.

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे, मी माहेरी आहे. एकदा विळीवर भाजी चिरत असताना अचानक डोळ्यासमोर आलं की ही विळी आणि बाळ... पुढचं लिहवत नाही. तेव्हापासून घरातल्या सुऱ्या आईला माळ्यावर ठेवायला लावल्या, कारण सांगितलं नाही. बाळाला एकटीने आंघोळ घालत नाही, उचलून गॅलरीत जात नाही. रात्री तो झोपला तरी मी स्वतःला तपासत बसते की माझ्या मनात खरंच तसं आहे का. मी वेडी झालेय का? नवऱ्याला सांगितलं तर बाळ माझ्यापासून काढून घेतील अशी भीती वाटते.
— सांगली जिल्हा

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी सगळ्यात आधी उचललं. तू वेडी झालेली नाहीस आणि तू वाईट आई नाहीस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, त्याची कारणं देते.

असे विचार येणाऱ्या आया किती असतात याचा अभ्यास झालेला आहे. बाळाला चुकून काही होईल, हातातून पडेल, श्वास अडकेल, हे तर जवळपास सगळ्या बाळंतिणींच्या मनात येतं. आणि आपल्या हातूनच मुद्दाम काही होईल असा नको असलेला विचार, तोही साधारण निम्म्या नव्या आयांना कधी ना कधी येऊन जातो. निम्म्या! तुझ्या वॉर्डात ज्या बायका होत्या त्यांच्यातल्या कितीतरी जणींना आला असेल, एकीनेही सांगितलं नसेल. कॅनडात बाळंतिणींवर एक अभ्यास झाला त्यात हेही तपासलं की ज्यांना असे विचार येतात त्या बाळाला जास्त इजा करतात का, तर तसं काही आढळलं नाही.

मग तुलाच इतका त्रास का? कारण बाकीच्यांच्या मनात ते चित्र येतं, त्या शहारतात आणि पुढची भाजी चिरायला घेतात, तू मात्र त्या चित्राला प्रश्न विचारलास, की हे आलंच का, म्हणजे मी तशी आहे का. ओसीडी माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं नेमकं तिथेच शंका काढतो. देवभक्ताला देवाबद्दल घाण विचार येतात, काळजीने गाडी चालवणाऱ्याला अपघाताचे, आणि आईला बाळाबद्दल. तुला त्या विचाराने घाम फुटतो, तू सुऱ्या लपवतेस, रात्र रात्र जागतेस, हे सगळं सांगतंय की तो विचार तुझ्या इच्छेच्या अगदी उलटा आहे.

फक्त एक गोष्ट तुझ्या घरच्यांनी ओळखता यायला हवी म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर एक वेगळा, गंभीर आजार होतो, दर हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना, त्यात आवाज ऐकू येतात, रात्रंदिवस झोप लागत नाही तरी थकवा नाही, बोलणं तुटक होतं, आणि बाळात काहीतरी वाईट शिरलंय किंवा त्याला संपवणंच बरोबर आहे अशी खात्री वाटायला लागते. तिथे विचाराची भीती वाटत नाही, तो पटलेला असतो. असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना, एक रात्रही थांबायचं नाही, बाळंतिणीला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही. तुझ्या पत्रातलं वर्णन तसं नाही, पण तुला प्रत्यक्ष बघून सांगायला डॉक्टर हवेतच, म्हणून या आठवड्यात जा, तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरकडे गेलीस तरी चालेल, ते पुढे पाठवतील. तिथे तोंडाने बोलवलं नाही तर हे पत्रच दाखव. आणि मध्येच कधी आवाज यायला लागले, किंवा तो विचार बरोबर वाटायला लागला, किंवा स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटलं, तर तेव्हाचं तेव्हा आईला सांग, तिला हाक मार.

नवऱ्याला सांगताना सरळ सांग की बाळंतपणानंतर मला ओसीडीसारखं काहीतरी होतंय, नको ते विचार येतात, मी बाळाला काही करणार नाही पण मला फार भीती वाटते, माझ्यासोबत डॉक्टरकडे चल. आईलाही सांग. डॉक्टर ज्या गोळ्या देतील त्यातलं सर्ट्रालीनसारखं औषध दुधातून फार कमी उतरतं, त्यामुळे गोळी सुरू झाली म्हणजे अंगावरचं पाजणं बंदच, असं गृहीत धरू नकोस, तिथे विचार. आणि रात्री जी स्वतःची तपासणी करतेस ना, तेच तुझं कम्पल्शन आहे, ते कुणाला दिसत नाही एवढंच. बाळाला आंघोळ घालणं, जवळ घेणं हळूहळू परत सुरू करायचंय, सुऱ्याही माळ्यावरून खाली यायच्या आहेत, पण ते थेरपीत, पायरीपायरीने, कुणीतरी सोबत असताना.

प्रश्न : मी एमपीएससीची तयारी करतोय, पुण्यात रूमवर असतो. आरतीला उभा राहिलो की देवाबद्दल शिव्या मनात येतात. मग मनात एकवीस वेळा माफी मागतो, मध्ये दुसरा विचार आला तर परत पहिल्यापासून. अभ्यासातही एकच ओळ परत परत वाचतो, नीट कळली का नाही वाटतं. बाहेरून कुणाला काहीच दिसत नाही, मग हा ओसीडी कसा? मित्र म्हणतो विचार करूच नको.
— पुणे

उत्तर : अरे, मनातल्या मनात केलेलं पण कम्पल्शनच. एकवीस वेळा माफी हे बाकीच्यांच्या हात धुण्याच्या जागी आहे, आणि ओळ परत वाचणं हे शेगडी तपासण्याच्या जागी. तू वरून शांत दिसतोस आणि आत दिवसभर राबत असतोस, दमणारच.

मित्राचा सल्ला प्रेमाचा आहे पण तो चालत नाही, आणि हे सिद्ध झालंय. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. तू देवाबद्दलचा विचार दाबतोस म्हणून तो आरतीला हजर असतो. त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, रॅकमन आणि डिसिल्वा या दोघांनी पेशंटचे नको असलेले विचार आणि साध्या माणसांचे नको असलेले विचार शेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे जाणकारांनाही धड ओळखता येईना. विचार तेच असतात रे. फरक पुढे पडतो, साधा माणूस त्याला सोडून देतो, आणि तू त्याची भरपाई करत बसतोस.

म्हणून आरतीला विचार आला तर येऊ दे, माफी मागू नको, टाळ्या वाजवत रहा. एक ओळ एकदा वाचून पुढच्या ओळीवर जा, कळली नाही असं वाटत असतानाच जा. हे लिहायला सोपं आणि करायला फार अवघड आहे हे मला माहितीय, म्हणून एकट्याने झुंजू नको. पत्राच्या शेवटी तू "जगून काय उपयोग" असं लिहिलंस ते मी सोडून देणार नाहीये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आज लाव. आणि आजची रात्र रूमवर एकटा राहू नको, त्या मित्राला बोलावून घे.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. अक्षर जरा वाकडं आलं की खोडतो, पान फाटेपर्यंत. गृहपाठाला रात्रीचे अकरा वाजतात. झोपताना आईने ठरलेलं वाक्य ठरलेल्या पद्धतीनेच म्हणायचं, एक शब्द चुकला तर रडारड. आजी म्हणते आम्हीच लाडावलंय, माझी बहीण म्हणते तुमच्या शिस्तीने झालं. कशामुळे झालं हे?
— एक बाबा, अमरावती

उत्तर : लाडाने पण नाही आणि शिस्तीने पण नाही. दोघींनाही हे उत्तर वाचून दाखवा.

ओसीडी लहानपणी सुरू होणं नवीन नाही, मुलग्यांमध्ये तर बऱ्याचदा दहाच्या आतच लक्षणं दिसायला लागतात. घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते, आणि लहान वयात सुरू होणाऱ्यात हा आनुवंशिक भाग जास्त दिसतो. तुमच्याकडे एखादे काका-आत्या असतील ज्यांना सगळे नुसतं "मंत्रचळ लागलाय" म्हणायचे, आठवून बघा, डॉक्टर विचारतील. मेंदूच्या पुढच्या भागातून खोल आतल्या भागाकडे आणि तिथून परत असा एक जोडलेला मार्ग असतो, चूक झाली का हे बघायचं आणि झालं की पुढे जायचं, यात त्याचा हात असतो, तो ओसीडीत गरजेपेक्षा जास्त चालू राहतो. १९९२ मध्ये अमेरिकेत मेंदूचे स्कॅन काढून बघितलं तर या मार्गातला कॉडेट नावाचा भाग उपचारांनी शांत झालेला दिसला, आणि गंमत म्हणजे गोळ्यांनी बरे झालेले आणि नुसत्या थेरपीने बरे झालेले, दोघांमध्येही. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण मेंदूचा आजार आहे म्हणजे बोलून-शिकून काय होणार, असं म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे.

मुलाला सांगताना आजाराला एक नाव द्या, त्यालाच ठरवू दे काय ते, म्हणजे घरात भांडण मुलाशी न होता त्या नावाशी होतं. झोपतानाचं वाक्य थेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू बदलायचंय, आज एक शब्द वेगळा, चार दिवसांनी अजून एक. शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की खोडण्यावरून ओरडू नका, आणि सुंदर अक्षराचं कौतुक पण सध्या थोडं कमी करा, पेनाने लिहू द्या, खाडाखोड दिसली तर चालेल असं त्यांनीच म्हणू द्या. सौम्य ते मध्यम असेल तर मुलांना साधारण आधी थेरपीच देतात, जास्त असेल तर गोळ्यांची जोड. आणि हो, हे सगळं जर हळूहळू न येता घसादुखी-तापानंतर एक-दोन दिवसांत एकदम उपटलं असेल तर ते मुलांच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

प्रश्न : मला वीसेक वर्षांपासून हात धुण्याचा त्रास आहे, हाताला भेगा पडतात, स्किनवाल्या डॉक्टरांचं मलम लावतो. देवस्कीही करून झाली. आता मुलगी म्हणते मानसोपचार घ्या. गोळ्यांची सवय लागते म्हणतात, आणि आमच्या इथे एवढा मोठा डॉक्टर कुठे? पैसे किती लागतील?
— कुडाळ

उत्तर : काका, मुलीचं ऐका. हाताच्या भेगांना मलम लावत राहाच, पण साबण कमी होईपर्यंत त्या भरणार नाहीत. गाऱ्हाणं घालून तुमच्या मनाला आधार मिळत असेल तर ते चालू ठेवायला माझी हरकत नाही, फक्त त्यासाठी उपचार थांबवू नका.

या गोळ्या म्हणजे फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटालोप्राम अशा, त्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात, त्यांची चटक लागत नाही. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, अस्वस्थपणा होतो, म्हणून बंद करताना डॉक्टरच हळूहळू कमी करतात. नैराश्यापेक्षा ओसीडीला डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि वेळही जास्त लागतो, दहा-बारा आठवडे, त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. पहिल्या दिवसांत मळमळ, पोट बिघडणं होतं, ते सहसा निवतं. बरं वाटायला लागल्यावरही निदान एक-दोन वर्षं चालू ठेवतात. सगळ्यांना पूर्ण बरं वाटतंच असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याच जणांचा त्रास एवढा उतरतो की दिवस परत हातात येतो, आणि वीस वर्षं जुना असला म्हणून उपचार करून उपयोग नाही असं अजिबात नाही. गोळी आणि ईआरपी दोन्ही मिळालं तर उत्तम.

ठिकाणाचं म्हणाल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी चालते, आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे भरती व्हावंच लागतं असं नाही, ओपीडीत दाखवून घरी येता येतं. तुमच्याकडची बरीच माणसं गोव्यात बांबोळीला जातात, तिथेही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. गोळ्या जेनेरिक मिळतात. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारांसारखेच धरावे लागतात, पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते मात्र मुलीला वाचायला सांगा.

जाताना एका कागदावर लिहून न्या, दिवसात किती वेळ धुण्यात जातो, धुतलं नाही तर काय होईल असं वाटतं, काय काय टाळता, घरच्यांना काय काय करायला लावता. डॉक्टर बहुतेक येल-ब्राऊन नावाची प्रश्नावली घेतील, दहा प्रश्न असतात, चाळीसपैकी मार्क, त्यावरून त्रास किती आहे आणि पुढे किती कमी होतोय ते कळतं. मुलीला सोबत न्या, आणि वाटेत तिला आधीच सांगून ठेवा की आत गेल्यावर मी काही लपवायला लागलो तर तू बोल.